पाच निशाणं, होडी एकही नाही

भिवंडीजवळच्या वळ गावी आमच्या घराभोवती निरगुडीचं कुंपण होतं आणि कुंपणावर पांढऱ्या गोकर्णाची एक वेल होती. एवढ्या भांडवलावर माझ्या थोरल्या काकांनी घराण्याचा इतिहास उभा केला होता. साधं गोकर्ण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. निळं, एका मोठ्या पाकळीचं, गाईच्या कानासारखं, कुठल्याही विहिरीच्या कठड्याला लोंबणारं. आमचं तसं नव्हतं. आमच्या फुलाला सारख्या मापाच्या पाच पाकळ्या असत, एकीत एक गुंफलेल्या, आणि ते उमललं की कुणीतरी लहानसा पांढरा गुलाब वेलीला चिकटवून गेलंय असं वाटे. काकांना आम्ही तात्या म्हणायचो. त्यांना सत्काराची फार आवड होती. सत्कार करणारे कमी पडले तर शाल ते स्वतः विकत आणून करणाऱ्याच्या हातात देत. रस्त्याकडेच्या भातजमिनींवर तेव्हा गोदामं उभी राहायला लागली होती, गावात पैसा येत होता, आणि पैसा आलेल्या माणसाला पूर्वज लागतात. तात्यांना ते कुंपणावर सापडले.

आमच्याकडे रीत अशी, की घरातली मुलगी लग्न होऊन निघाली की तिच्या ओटीत तांदूळ, खण, नारळ यांच्याबरोबर या वेलीचं मूठभर बी घालायचं. तिने ते सासरी कुंपणाला पेरायचं. खाडीच्या अलीकडे-पलीकडे कुठेही पाच पाकळ्यांचं पांढरं गोकर्ण दिसलं की समजावं, आमची लेक इथे नांदते. वहिवाट सुरेख होती. तात्यांनी तिला भाषण जोडलं. "सात पिढ्यांची खूण हाय ही आपली," ते पाहुण्यांना कुंपणाशी नेऊन सांगत. आई चुलीपाशी तांदळाची भाकरी थापता थापता, मान वर न करता म्हणे, "कनच्या सात? येल माझे सासूनं माहेराशी आनली." म्हणजे घराण्याची खूण मुळात दुसऱ्याच घराण्याची होती. पण आईचा आवाज चुलीच्या धुराबरोबर वर जाई आणि तात्यांचा ओटीवरून गावात जाई, त्यामुळे सात पिढ्या टिकल्या.

माझे बाबा तात्यांचे धाकटे भाऊ. ते नारपोलीला एका लूमच्या कारखान्यात जॉबर होते. लूम बिघडला की कारागीर त्यांना हाक मारत. दिवसभर त्या खटाखटीत राहून त्यांचा आवाज कायमचा वर चढला होता. "मीठ दे" हे ते अशा पट्टीत म्हणत की शेजारची कोंबडी उडे. त्यांच्याशी बोलायचं म्हणून आम्हीही ओरडून बोलायला शिकलो, आणि आमच्या घरात भांडण चाललंय की वाढणं, हे बाहेरच्याला कळत नसे. संध्याकाळी सुकटीची चटणी, वालाचं बिरडं आणि भाकरी. खाडीला चांगलं उधाण असलं तर चिंबोऱ्या. चिंबोरीची नांगी फोडताना मात्र सगळं घर गप्प. पुढे मी पुष्कळ परिसंवादांना बसले. तिथेही चिंबोऱ्या वाढल्या असत्या तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं.

मी भिवंडीच्या कॉलेजात बी.एस्सी.ला होते आणि वनस्पतिशास्त्र शिकत होते. घरात याचा अर्थ 'बेबी झाडपाल्याचं शिकतेय' असा होता आणि आज्या-आत्या मला खोकल्यावर औषध विचारत. आमच्या कर्णिकबाई बारीक चणीच्या, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या होत्या. पहिल्याच प्रॅक्टिकलला त्यांनी सांगितलं होतं, "फूल सुंदर आहे असं मला लिहून देऊ नका. ते मला दिसतंय. भाग किती, कुठे चिकटलेत, कोण बाहेर आणि कोण आत, तेवढं लिहा." ज्या दिवशी टेबलावर गोकर्ण आलं त्या दिवशी त्यांनी ब्लेडने ते उघडून दाखवलं. एक मोठी पाकळी, ती निशाण. तिच्या आत दोन लहान, ते पंख. त्यांच्याही आत दोन पाकळ्या कडेने जुळून झालेली होडी, आणि होडीत दडून बसलेले पुंकेसर आणि बीजकोश. वाल, तूर, चवळी, सगळ्यांचं घर याच नकाशाचं. माशी येते, निशाण बघते, पंखांवर बसते, तिच्या वजनाने होडी खाली दबते आणि आतला माल तिला लागतो. कित्येक पिढ्यांच्या माश्यांनी निवडून निवडून घडवलेला हा धंदा आहे, असं बाई म्हणाल्या. खाडीकाठच्या मुलीला होडी कुणी शिकवायला नको. मी दुसऱ्या दिवशी आमचं पांढरं फूल रुमालात घालून नेलं.

बाईंनी ते उलटंसुलटं केलं. "हं," त्या म्हणाल्या. "होडी कुठे गेली?"

होडी नव्हती. पंखही नव्हते. पाचही पाकळ्यांनी स्वतःला निशाण ठरवलं होतं. पुंकेसर बिचारे मधोमध उघड्यावर, विस्कटून उभे. बाईंनी सांगितलं की पाकळी म्हणजे काही जन्माने निशाण किंवा होडी नसते. वाढताना तिला आतून कुणीतरी सांगतं, तू वरची, तू खालची. इथे ते सांगणं कुठेतरी चुकलं आहे. या चुकीवर आमच्या सात पिढ्या उभ्या होत्या, हे मी घरी सांगितलं नाही. पण नंतरच्या आयुष्यात, कुठल्याही संस्थेच्या व्यासपीठावर एका ओळीत बसलेले अध्यक्ष, कार्याध्यक्ष, उपाध्यक्ष, मानद अध्यक्ष आणि संस्थापक-अध्यक्ष पाहिले की मला आमचं गोकर्ण आठवायचं. पाच निशाणं, होडी एकही नाही.

"बाई, याचं निळ्याशी लग्न लावलं तर काय होईल?" मी विचारलं.

"लावून बघ. मला काय विचारतेस, मी काय भटजी आहे?"

मी लावलं. दसऱ्याच्या सुमाराला, दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या पांढऱ्या कळ्या निवडून चिमट्याने त्यांचे पुंकेसर काढून टाकले, विहिरीवरच्या साध्या निळ्या गोकर्णाचे परागकण आणून त्यांच्यावर लावले आणि कळीला कापडाची टोपी घातली. आई कुंपणाशी उभी राहून बघत होती. "वरात कवा?" तिने विचारलं. पुढे शेंगा धरल्या, तेव्हा त्या इतरांत मिसळू नयेत म्हणून मी प्रत्येकीच्या देठाला बाबांच्या कारखान्यातला लाल दोरा बांधला. कॉलेजात आम्ही असंच करायचो. दोरा म्हणजे खूण, खूण म्हणजे प्रयोग, हात लावू नये.

आता आमच्याकडची दुसरी रीत सांगायला हवी. कुठल्याही परसात दुधी, काकडी, भेंडी बियाला राखायची असली की वेलीवरचं सगळ्यात देखणं फळ निवडून त्याला चिंधी बांधतात. चिंधी दिसली की भाजीसाठी कुणी ते तोडत नाही. चोरसुद्धा शेजारचं नेतो. चिंधी बांधलेलं म्हणजे घरातलं सर्वोत्तम बी. ही रीत मला भाकरीइतकी ठाऊक होती. पण कॉलेजातला दोरा आणि परसातली चिंधी ही डोक्याच्या दोन वेगळ्या खोल्यांत राहत होती आणि त्यांची कधी गाठ पडली नव्हती.

ती गाठ माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात पडली. वनिता तात्यांची एकुलती मुलगी, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, हसरी. तिला खाडीपलीकडच्या गावात दिली होती. हळदीला अख्खं गाव जेवलं. वडे तळणाऱ्या बायकांचे चेहरे तेलाच्या वाफेत दिसेनासे झाले आणि धवलारीण दोन दिवस गात राहिली. आमच्यात लग्न लागतं ते धवलारणीच्या गाण्यावर. तात्यांनी मात्र तिच्याशेजारी एक माइकही लावला होता, आणि गाणं दम घ्यायला थांबलं की माइकमधून तात्या येत. पाठवणीच्या वेळी ते त्यातून म्हणाले, "आता आमचे घराण्याची सात पिढ्यांची खूण, पाच पाकळ्यांचा गोकर्ण, लेकीचे ओटीत देत हाओत!" टाळ्या झाल्या. काकीने मूठ उघडून बी ओटीत सोडलं. मी मागे रडण्यात गुंतले होते. वनिता हसत निघाली आणि मी रडत होते, याचं पुढे बरेच दिवस घरात कौतुक झालं.

लग्नाच्या गडबडीनंतर कुंपणाशी गेले तर लाल दोऱ्याच्या शेंगा नव्हत्या. मी तात्यांच्या शेळीला यथेच्छ बोलले. ती बिचारी काही न बोलता चघळत राहिली.

गणपतीत वनिता माहेरी आली आणि तिच्याबरोबर तिची सासूही आली. हिराबाई म्हणजे उंच, काळीसावळी, काष्टा घातलेली, नथीखालून बोलणारी बाई. गावात तिला लोक घाबरत आणि तरीही तिच्या ओटीवर जाऊन बसत, कारण करमणूक दुसरीकडे नव्हती. तिने पाणी प्यायलं, गणपतीला हात जोडले, मग कमरेची पिशवी सोडून एक फूल काढलं आणि तात्यांच्या पुढ्यात, पाटावर, सुपारी ठेवावी तसं ठेवलं. निळं. एका पाकळीचं. कुठल्याही विहिरीवरचं.

"व्याही," ती म्हणाली, "तुमचे येलीला पाच पाकल्या व्हत्या ना? मंग चार काय खाडीत पडल्या?"

तात्यांच्या चेहऱ्याचा रंग फुलाच्या जवळ गेला. वनिता दाराआड उभी होती. तिने मला नंतर सांगितलं, की श्रावणात फुलं आली तेव्हापासून गावातल्या बायका रोज कुंपणापाशी थांबत. माइकवर दिलेलं बी सगळ्यांनी ऐकलं होतं. कुणी म्हणे, माहेरच्यांनी बी बदललं; कुणी म्हणे, खूण खोटी तर बाकीचंही काय खरं. हिराबाई घरात तिला काही बोलली नव्हती. पण कुंपण रस्त्यावर होतं.

हे सगळं नंतरचं. त्या क्षणी मी ते फूल पाहिलं आणि ओरडले, "निळं! निळं आणि एक पाकळी! सगळ्याच वेलींना असंच आलं का हो?"

"सगल्या," हिराबाई म्हणाली. "एक न्हाय सुटली."

"वा!" मी म्हणाले. घरात इतकी शांतता झाली की बाबाही हळू बोलले असते तर ऐकू आलं असतं. मग मला समजावून सांगावं लागलं. पांढऱ्याचं निळ्याशी लग्न, टोपी, लाल दोरा. काकी बसल्या जागी कपाळावर हात मारून म्हणाली, "मंग चिंधी कशाला बांधलीस गो? मना वाटला पोरीनं ताईसाठी निवडून राखलंय! लाल दोऱ्याच्या तेवढ्याच तोडल्या मी!" शेळीची मनातल्या मनात क्षमा मागून मी हिराबाईंकडे वळले आणि सांगायला लागले, की पांढरा रंग आणि पाच पाकळ्या कुठे गेलेल्या नाहीत. निळा त्यांच्यावर चढून बसलाय, एवढंच. दोन्ही या फुलाच्या आत आहेत, फक्त दिसत नाहीत. याच वेलींचं बी राखून परत पेरलं, तर नातवंडांत आजीचं नाक निघतं तशा पाच पाकळ्या परत निघतील.

"आत हाय पन दिसत न्हाय," हिराबाई विचार करत म्हणाली. "तशी माझे नवऱ्याची अक्कलबी हाय."

बाबा एवढ्या जोरात हसले की गणपतीपुढची समई हलली. तात्या हसले नाहीत. घराण्याची खूण माइकवर देऊन ती विहिरीवरची निघाली होती, आणि हे करणारी पोर वर शिकवायला लागली होती. "बास झाला तुझा झाडपाला," ते म्हणाले. "ही परीक्षा दे नि घरी बस. मुंबईला एम.एस्सी.बिम्मेस्सीला जायाचा न्हाय." शेतीचा, लग्नांचा आणि शिक्षणाचा शेवटचा शब्द आमच्या एकत्र घरात तात्यांचा असे. मुंबईला जायचं हे मी मनात इतकं पक्कं केलं होतं, की ते कुणाला विचारायचं असतं हेच विसरले होते.

"आन फुललं तर?" बाबांनी विचारलं. त्यांच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे गल्लीभर.

"काय फुललं तर?"

"पाच पाकल्या. पोर सांगतेय ना, परत येतील. आल्या तर?"

तात्या काही बोलायच्या आत हिराबाईने पदर सावरला. "मी पेरते," ती म्हणाली. "दिवालीला बी धरल, मी पानी घालीन. शिमग्यापतूर पाच पाकल्या आल्या तर या पोरीला मी सोता मुंबईला नेऊन सोडीन. न्हाय आल्या तर माझा भाचा हाय परमोद, त्याला ही करायची. बोला व्याही." तात्यांना दोन्हीकडून फायदा दिसला. प्रमोदच्या बापाची दोन गोदामं होती. ते लगेच बोलले.

तो हिवाळा मी अभ्यासात काढला असं घरचे समजत होते. मी गणितात काढला. चार वेलींत एक पाच पाकळ्यांची, हा हिशेब पुस्तकात फार शांत दिसतो. चारांतली कुठली, हे तो सांगत नाही. मूठभर बियांत पाच पाकळ्यांची एकही नसली तर? पाच पाकळ्या एकाच कारणाने येतात असं मी धरून चालले होते. दोन-तीन कारणं असली तर हिशेब कोसळतो. कर्णिकबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "म्हणूनच पेरतात." मग शेळीने डाव साधला. तात्यांची शेळी तोवर वनिताच्या घरी गेली होती, तिच्या पहिल्या बाळासाठी दुधाची सोय म्हणून आगाऊच. एका दुपारी दावं सोडवून तिने हिराबाईच्या कुंपणावरची निम्म्याहून जास्त रोपं खाल्ली. एकदा विनाकारण बोलणी खाल्ली होती, ती तिने वसूल केली.

उरलेल्या वेली फुलायला लागल्या, तसे निरोप यायला लागले. एक पाकळी, निळी. एक पाकळी, निळी. मग एक पांढरी, पण एकाच पाकळीची. मी आनंदाने नाचले. आईने विचारलं, "पाच हायत का?" मी म्हटलं, "नाही, पण पांढरी आली म्हणजे आतलं बाहेर येतंय!" आई म्हणाली, "परमोदची मिशीबी बाहेर येतेय." या प्रमोदला मी एकदाच पाहिलं होतं. राजदूत गाडी, काळा गॉगल, आणि गॉगलखाली काय चाललंय याचा काही पत्ता नाही. शिमग्याच्या आधी एकदा मी धीर करून खाडीपलीकडे वेल बघायला गेले, तर हा कुंपणापाशी बादली घेऊन पाणी घालत होता. मला बघून त्याने गॉगल काढला. डोळे घाबरलेले होते.

"बेबी," तो म्हणाला, "ही मागची उशिरा वर आलेय. हिचीच कली बाकी हाय. रोज पानी घालतंय मी. फुलंल ना गो?"

"तुला काय घाई?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. "नारपोलीला एक पोरगी हाय. आत्याला अजून सांगितला न्हाय."

इतका निःस्वार्थी वनस्पतिशास्त्रज्ञ मला पुढे आयुष्यात भेटला नाही. त्या वेलीवर त्याने जितकं पाणी ओतलं तितक्यात भात झाला असता.

होळीच्या दिवशी सकाळी आई पुरण वाटत होती, बाबा सुट्टीवर म्हणून घरातला हातपंप दुरुस्त करून बिघडवत होते, आणि दारात हिराबाई उभी राहिली. हातात स्टीलचा डबा. मला वाटलं, पुरणपोळी. तिने चप्पल काढली, ओटीवर आली, तात्यांना हाक मारली, काकीला, आईला, शेजारणीलाही हाक मारली, सगळे जमेपर्यंत डबा मांडीवर धरून बसली. तिचा चेहरा वाचता येत नव्हता. माझी परीक्षा तोंडावर होती. मी त्या डब्याकडे बघत प्रमोदच्या दोन्ही गोदामांचा संसार मनात मांडूनही टाकला. मग तिने झाकण उघडलं.

ओल्या फडक्यावर एक फूल होतं. पाच पाकळ्या, एकीत एक गुंफलेल्या. आणि निळं. शाईसारखं, मोराच्या मानेसारखं निळं, मधे पांढरट उजेड असलेलं. असलं फूल आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नव्हतं. आमच्या वेलीने ते कधी दिलं नव्हतं आणि विहिरीवरच्यानेही नाही. दोघांच्या नातवंडाने दिलं होतं. मी पाच पाकळ्या परत येतील म्हणाले होते खरी, पण त्या असा शालू नेसून येतील हे मलाही डोळ्यांसमोर आणता आलं नव्हतं. आई पुरणाच्या हातांनीच पुढे आली. काकी रडायला लागली. बाबा ओरडले, "बघू दे, बघू दे!" आणि कुणी अडवत नसताना सगळ्यांना बाजूला सारून डब्यात डोकावले.

तात्यांनी घसा साफ केला. "सात पिढ्यांची..."

"व्याही, थांबा," हिराबाई म्हणाली. "पाच पाकल्या तुमच्या असतील. हा निला कधी बघितलाव? माझे कुंपनाला फुललाय. ही खूण माझी." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "परमोदचे नशिबात न्हाय तू. कपडे भरून ठेव."

ती मनात आणती तर ते फूल तोडून चुलीत टाकू शकली असती. पहिलं तिनेच पाहिलं होतं. मी तिला हे एकदा, पुष्कळ वर्षांनी म्हटलं. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, की मी विषय बदलला.

तात्यांचं म्हणाल, तर ते आठवड्यात सावरले. गावात 'आमचे घराण्याची शास्त्रज्ञ' असा शब्द फिरायला लागला आणि माझ्या सत्काराची शाल त्यांनी आधीच आणून ठेवली. निकाल लागण्यापूर्वी सत्कार करू नये, एवढं बाबांनी त्यांना कसंबसं पटवलं.

मुंबईत पहिल्याच वर्षी सरांनी फळ्यावर एकात एक चार वर्तुळं काढली. सगळ्यात बाहेर हिरवी संदलं, मग पाकळ्या, मग पुंकेसर, मधे बीजकोश. नुकतंच कळलंय, ते म्हणाले, की ही चार मंडळं करायला झाडाला तीनच आज्ञा पुरतात. पहिली एकटी असली की संदल. पहिली आणि दुसरी मिळून पाकळी. दुसरी आणि तिसरी मिळून पुंकेसर. तिसरी एकटी राहिली की बीजकोश. वर्गात कुणाला ते कठीण गेलं. मला गेलं नाही. बाबांच्या लूमवर काठाची नक्षी घालणारी डॉबी असायची, आणि कुठल्या फेरीला कुठल्या दोन पट्ट्या उचलायच्या यावर पानं येणार की वेलबुट्टी, हे ठरायचं. फुलातही अशी एखादी खुंटी निसटली की पुंकेसरांच्या जागी पाकळ्यांचे थर येतात. गुलाब, जास्वंद, बागेतली सगळी भरगच्च फुलं अशी निसटलेल्या खुंट्यांची आहेत. आमच्या गोकर्णाची निसटलेली खुंटी वेगळी, वर-खाली सांगणारी. तिन्ही आज्ञा काढून घेतल्या तर काय उरतं? पानं. हिरवी, साधी, आज्ञा नसलेली पानं. फूल म्हणजे शहाणपण शिकवलेलं पान, हे त्या दिवशी वहीत उतरवलं आणि आयुष्यभर तेच शिकवून पोट भरलं. एक गोष्ट मात्र फळ्यावर नव्हती. होडी नसलेल्या फुलाकडे माशी कशाला वळेल? रानात ते टिकलंच नसतं. ते टिकलं कारण बायकांनी ते ओटीत घालून गावोगाव नेलं. आमच्या फुलाने माश्यांवरची भिस्त सोडून नवऱ्या मुलींवर ठेवली, आणि ठीकच केलं.

पण हे पुढचं. त्याआधी, जूनमध्ये मला प्रवेश मिळाला तेव्हा हिराबाई बोलल्याप्रमाणे आली. काष्टा, नवं लुगडं, नथ. विभागाच्या त्या उंच दगडी जिन्यावर ती एकेक पायरी अशी चढली, की इमारत तिने विकत घ्यायला काढली असावी. सर दारातच भेटले. माझं नाव ऐकून ते तिला म्हणाले, "या आपल्या आई का?"

"न्हाय," हिराबाई म्हणाली. "मी हिची न झालेली आतेसासू."

सरांना हे नातं कुठल्याच वर्गीकरणात बसवता आलं नाही. त्यांनी आम्हांला चहा पाजला.

हॉस्टेलच्या फाटकापाशी तिने मला पदर पसरायला लावला. मी पंजाबी ड्रेसमध्ये होते, ओढणी पसरली. येणाऱ्या-जाणाऱ्या मुली थांबून बघत होत्या. तिने पिशवीतून तांदूळ काढले, खण काढला, नारळ काढला. "मावशी, मी काही लग्न होऊन जात नाहीये," मी कुजबुजले.

"घर सोडून जातेस ना? मंग ओटी ती ओटी." आणि सगळ्यांच्या वर तिने निळ्या वेलीची एक वाळलेली शेंग ठेवली.

मी शिकलेली मुलगी. मला राहवलं नाही. म्हटलं, "मावशी, हिच्यातून पाच पाकळ्या नक्की येतील, पण रंगाचं सांगता येत नाही हं. एखादी पांढरीही निघेल."

"निघू दे. तीबी माझीच," ती म्हणाली.

शेंगेच्या देठाला लाल दोरा होता. मी त्याच्याकडे बघतेय हे तिच्या लक्षात आलं.

"या टायमाला सगल्यांना सांगून बांधलाय," हिराबाई म्हणाली, आणि माझी ओढणी तिने स्वतःच्या हाताने खोचून दिली.